पावलांचा विसावा

ज्याच्यावर सर्वांत अधिक भार पडतो, त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जावें, हा संसाराचा जुना शिरस्ता आहे. घराच्या भिंतींना आपण सणावारीं रंग देतों. जोत्याच्या दगडांची आठवण मात्र घरांत ओल येईपर्यंत कोणाला होत नाहीं. शरीरांत पावलांची स्थिति अशीच आहे. डोळ्याला अंधारी आली किंवा दांत हलूं लागला, कीं घरांतलीं चार माणसें विचारपूस करतात. पण पाय दुखतात म्हटलें, तर "वय झालें, दुखायचेच" एवढ्यावर तो विषय मिटतो. आमच्या घरीं तो असाच वीस वर्षें मिटत आला होता. तो अखेर कसा उघडला, आणि उघडल्यावर आम्हांला काय काय शिकावें लागलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें सांगत आहें. मी शाळामास्तर, वैद्यकाचा मला गंध नाहीं. जें डॉक्टरांनीं समजावून दिलें आणि जें घरांत अनुभवलें, तेवढेंच लिहितों.

सांगलीस आमचें एकत्र कुटुंब आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, मी व माझी पत्नी, धाकटा बंधु व त्याची पत्नी, आमचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें, अशीं नऊ माणसें. स्वयंपाकघराचा कारभार चाळीस वर्षें माझ्या पत्नीकडे. पहाटे साडेपांचला ती ओट्यापाशीं उभी राही, ती रात्रीं झांकपाक होईपर्यंत. तिच्या दोन्ही पावलांच्या आंतल्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाशीं, सुपारीएवढा उंचवटा आला होता, हें घरांत सर्वांना ठाऊक होतें. "आईंच्या अंगठ्याचें हाड वाढलें आहे," असें आम्ही म्हणत असूं. नवी चप्पल आणली, कीं ती त्या जागीं कात्रीनें चीर पाडून घेई, हेंहि आम्ही पाहत असूं. पाहणें आणि लक्ष देणें यांत किती अंतर आहे, तें मला एके रात्रीं कळलें. चष्मा टेबलाखालीं पडला म्हणून मी वांकलों, तों समोर तिचीं पावलें दिसलीं. ती पावलांच्या बाहेरच्या कडांवर तोल सांभाळून उभी होती. दोन्ही अंगठे तिरके होऊन शेजारच्या बोटांखालीं शिरले होते, आणि उंचवट्यावरची त्वचा लालबुंद झाली होती.

"हें असें केव्हांपासून?" मीं विचारलें.

"थोरला नातू झाला त्याच्या आधींपासून," ती पोळी उलटीत म्हणाली. "आतां कशाला विचारतां?"

थोरला नातू तेव्हां अकरा वर्षांचा होता. मग हिशेब निघाला. एका वर्षीं सुनेचें बाळंतपण आलें, पुढें पुतणीचें लग्न ठरलें, त्यानंतर मातोश्रींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. प्रत्येक वेळीं तिनें आपले पाय पुढच्या वर्षावर ढकलले होते, आणि आम्हीं तें ढकलणें सोईस्करपणें मान्य केलें होतें.

मिरजेंतील एका अस्थिशल्यविशारदांना पावलें दाखविलीं. "याला इंग्रजींत बनियन म्हणतात," असें ते म्हणतांच बरोबर आलेला नातू फिसकन् हंसला. "आजीच्या पायांत बनियन?" डॉक्टरहि हंसले, पण पुढें त्यांनीं जें समजाविलें, त्यानें आमचा मोठा गैरसमज दूर झाला. 'वाढलेलें हाड' हें बहुतांशीं वाढलेलें नसतेंच. पावलाच्या मधल्या भागांत बोटांच्या मागें पांच लांब हाडें असतात. संस्कृतांत त्यांना प्रपदास्थि म्हणतात. त्यांतील अंगठ्यामागचें हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेस कलतें, आणि अंगठा उलट शेजारच्या बोटाकडे झुकतो. हाडाचें जें टोंक यामुळें बाहेर पडतें, तोच तो उंचवटा. अर्थात् तेल चोळून, लेप लावून किंवा शेक देऊन तो विरघळावा अशी अपेक्षा करणें म्हणजे कललेली भिंत रंग देऊन सरळ करूं पाहणें होय. रात्रीं अंगठ्याला बांधण्याच्या पट्ट्यांनीं कांहींना थोडा आराम पडतो. परंतु प्रौढ वयांत एकदां वांकलेलें हाड त्यांनीं सरळ होत नाहीं.

क्ष-किरणचित्रावर डॉक्टरांनीं रेषा काढून दाखविल्या. अंगठ्याची रेषा व मागच्या हाडाची रेषा यांमधील कोन सामान्यतः पंधरा अंशांच्या आंत असतो. वीसपर्यंत दोष सौम्य, चाळीसपर्यंत मध्यम, त्यापुढें तीव्र, असा ढोबळ मानानें हिशेब. तिचा उजवा कोन ३४ अंश व डावा ३१ अंश भरला. भूमितींतले कोन मीं जन्मभर फळ्यावर पाहिले. घरांतल्या माणसाच्या पावलांत ते प्रथमच पाहिले.

हें होतें कशानें? अरुंद टोंकाचे व उंच टांचांचे जोडे, हें एक कारण प्रसिद्धच आहे. हाँगकाँगमध्यें जोडे वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या चिनी लोकांच्या पावलांची तुलना केलेला एक अभ्यास १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. जोडे वापरणारांपैकीं ३३ टक्के लोकांत हा दोष कमीअधिक प्रमाणांत आढळला; अनवाणी चालणारांत तो सुमारें २ टक्केच होता. इंग्लंडांतील केंब्रिज येथें उत्खननांत सांपडलेल्या १७७ सांगाड्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांत हा दोष ६ टक्के, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांतील सांगाड्यांत २७ टक्के दिसला. मधल्या काळांत तिकडे लांब, निमुळत्या टोंकाच्या जोड्यांची आवड बळावली होती. परंतु सारा दोष जोड्यांवर ढकलतां येत नाहीं. अनवाणी चालणारांतहि दोन टक्के उरतातच. माझ्या पत्नीनें जन्मांत उंच टांचेची चप्पल घातली नाहीं. मात्र तिच्या आईचीं पावलें अगदीं अशींच होतीं. पावलाची ठेवण वारशानें येते, स्त्रियांत हा दोष पुरुषांहून अधिक आढळतो, आणि संधिवाताच्या कांहीं प्रकारांनीं तो बळावतो. ज्या घरांत आजीचे अंगठे असे वांकले असतील, त्या घरांतील मुलींसाठीं जोडे घेतांना बोटांना मोकळी जागा आहे ना, हें आवर्जून पाहावें.

डॉक्टरांनीं आम्हांला लगेच शस्त्रक्रियेचा आग्रह केला नाहीं, हें सांगितलें पाहिजे. पाऊल सुरेख दिसावें एवढ्यासाठीं ही शस्त्रक्रिया करूं नये. रुंद जोडे, मऊ गादी व व्यायाम यांनीं भागत असेल तर तेवढ्यावरच राहावें, असें ते म्हणाले. तिनें सहा महिने तसें केलें. तरी वेदना राहिल्या, शेजारच्या बोटावर कुरूप झालें, आणि रात्रींची झोंपहि मोडूं लागली. तेव्हां निर्णय झाला.

पुढचा प्रश्न, दोन्ही पावलें एकदम कीं एकामागून एक? एकाच पावलाची शस्त्रक्रिया केल्यास दुसरें पाऊल आधाराला राहतें; परंतु सगळा खटाटोप दोनदां करावा लागतो. दोन्ही एकदम केल्यास खटाटोप एकदांच. पण आधाराला धड असें पाऊल उरत नाहीं. या व्यंगावर शंभराहून अधिक प्रकारच्या शस्त्रक्रिया वर्णिलेल्या आहेत, आणि कोणती करायची यावर पुष्कळ अवलंबून असतें. कांहींमध्यें कित्येक आठवडे पाऊल टेकूंच देत नाहींत; त्या दोन्ही पायांवर एकदम करणें फार अडचणीचें. तिच्यासाठीं योजलेल्या प्रकारांत हाड झेड अक्षराच्या आकारांत कापून, सरकवून, बारीक स्क्रूंनीं बसवितात. 'स्कार्फ' हें त्याचें नांव सुतारकामांतून आलें आहे. दोन तुळया टोंकाला टोंक जोडतांना सुतार असाच सांधा करतात. या प्रकारांत कडक तळव्याचा खास जोडा घालून टांचेवर भार देत थोडें चालतां येतें. म्हणून दोन्ही पावलें एकदम करणें शक्य होतें. मात्र डॉक्टरांनीं एक अट घातली. "सहा आठवडे घरांत मदतीला माणूस हवें. तें आहे काय?"

"नऊ माणसांचें घर आहे," मी अभिमानानें म्हणालों.

"दोन्ही एकदमच करा," ती म्हणाली. "दोनदां कोण मला बसवून खायला घालणार?"

तिच्या त्या वाक्यांतील खोंच मला त्या दिवशीं कळली नाहीं.

२०२३ सालीं, तुळशीचीं लग्नें आटोपल्यावर तीन दिवसांनीं, शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. त्यापूर्वीं एक महिना तयारींत गेला. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या झाल्या. ड जीवनसत्त्व कमी निघालें, तें भरून काढलें. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, त्यांत काढे व चूर्णेंहि धरून, डॉक्टरांना दिली. रक्त पातळ करणारें औषध कोणी घेत असेल, तर तें स्वतःच्या मनानें बंद करूं नये आणि चालूहि ठेवूं नये, डॉक्टरांना विचारावें. तंबाखू व मशेरी यांनीं हाड सांधण्यास अडथळा येतो. ज्यांना संवय असेल त्यांनीं ती आधींच सोडावी.

घराची तयारी त्याहून मोठी. आमचें घर जुनें. प्रत्येक दाराला उंबरठा. चालण्याची चौकट घेऊन उंबरठा ओलांडणें किती कठीण, तें आम्हीं ती चौकट आधींच आणून स्वतः चालून पाहिलें, तेव्हां समजलें. म्हणून वरच्या मजल्यावरचें अंथरूण खालीं माजघरांत आणलें. सतरंज्या व पायपुसणीं उचललीं. न्हाणीघरांत भिंतीला धरण्यासाठीं दांडी व बसण्यास स्टूल, आणि रात्रींसाठीं खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली. अंघोळीच्या वेळीं पट्ट्या कोरड्या राहाव्यात म्हणून गुडघ्यापर्यंतच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. कडक तळव्याचे जोडेहि आधींच घालून बघितले. ही सगळी तयारी रोगी चालत असतांनाच करावी. नंतर धांवपळ होते.

शस्त्रक्रियेपूर्वीं ठरल्या तासांपासून अन्न बंद, नंतर पाणीहि बंद. कंबरेंत इंजेक्शन देऊन खालचें अंग बधिर केलें. दोन तासांत काम झालें आणि तिसऱ्या दिवशीं आम्ही घरीं परतलों. येथें पुष्कळांची समजूत अशी, कीं संकट टळलें. खरें पाहतां शस्त्रक्रिया तेथें अर्धीच होते. डॉक्टर हाड बसवितात. तें त्या जागीं सांधण्याचें काम पुढच्या सुमारें सहा आठवड्यांत घरीं व्हावयाचें असतें.

पहिले दोन आठवडे सर्वांत महत्त्वाचे. पावलें हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावयाचीं, तासांतून पांच-दहा मिनिटांहून अधिक काळ खालीं सोडावयाचीं नाहींत, अशी तिला सूचना होती. त्यामुळें सूज कमी राहते व जखम भरते. रक्ताच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून घोटे व पोटऱ्या हलविण्याचा व्यायाम अधूनमधून करावयाचा. ऐकण्यास हें सोपें वाटतें. पण आमच्यासारख्या घरांत वडील माणसांकडे पाय करून बसूं नये, देवाकडे पाय करूं नयेत, हें लहानपणापासून अंगांत मुरलेलें. माजघरांतून देवघर समोर दिसे. म्हणून पहिल्याच दिवशीं खाट फिरवून घेतली. तरी मातोश्री खोलींत आल्या, कीं ही घाईघाईनें पाय उशांवरून खालीं ओढी. दोन दिवस हें चाललें. तिसऱ्या दिवशीं मातोश्री काठी टेकीत आल्या, खाटेच्या पायथ्याशीं खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "असूं देत पाय माझ्याकडे. याच पायांनीं माझें चाळीस वर्षें केलेंस ना?" त्यानंतर तिनें पाय ओढले नाहींत.

सुनेनें आपल्या पायांना हात लावावा, हेंहि तिला जड जाई. नमस्काराला वांकलेली सून निराळी, आणि कमोडच्या खुर्चीवर बसवितांना पाऊल हातांत धरणारी सून निराळी. पहिल्या खेपेस दोघींच्याहि डोळ्यांत पाणी आलें. धाकट्या जाऊबाईंनीं मग वेणीफणी व अंघोळ आपल्याकडे घेतली. माझ्या वांट्याला सकाळचा चहा, औषधांच्या वेळा आणि रात्रींचा पहारा आला. शाळेच्या संवयीनें मीं एक वेळापत्रक करून भिंतीवर लावलें होतें.

त्या वेळापत्रकाचा पहिला भंग मींच केला. बाराव्या दिवशीं पहाटे मला जाग आली नाहीं. मातोश्रींना साडेपांचला चहा लागतो, हें तिच्या रक्तांत भिनलेलें. मला उठविण्याऐवजीं ती स्वतःच उठली. अंधारांत खास जोडे सांपडेनात म्हणून पट्ट्या बांधलेल्या पावलांनींच, भिंतीला धरून, स्वयंपाकघराकडे निघाली. उंबरठ्यावर तोल गेला आणि सगळा भार उजव्या पावलाच्या पुढच्या भागावर आला. भांडें पडल्याच्या आवाजानें मी जागा झालों. पट्टीवर रक्त पसरत होतें.

मिरजेस जाईपर्यंत मी गाडींत एक शब्द बोलूं शकलों नाहीं. सुदैवानें क्ष-किरणचित्रांत हाड जागचें हललेलें दिसलें नाहीं. दोन टांके मात्र उसवले होते, आणि जखम भरण्यास दहा दिवस अधिक लागले. डॉक्टर तिला रागावले. तिनें खालीं मान घालून ऐकून घेतलें. तेव्हां मीं सांगितलें, कीं चूक तिची नव्हे. चहा करण्याचें काम माझें होतें. परततांना मीं तिला विचारलें, "मला हांक कां मारली नाहींस?" ती म्हणाली, "तुम्ही झोंपलां होतां." चाळीस वर्षांत तिला झोंपेंतून उठवितांना मला कधीं संकोच वाटला नव्हता. 'दोनदां कोण बसवून खायला घालणार' या वाक्याचा अर्थ मला त्या गाडींत कळला. घरांत माणसें नऊ होतीं. पण हक्कानें हांक मारण्याची मुभा आम्हीं तिला कधीं दिलीच नव्हती.

त्या दिवसापासून दोन बदल झाले. खाटेशीं देवघरांतली जुनी घंटा ठेवली आणि ती दिवसांतून निदान पांच वेळां वाजलीच पाहिजे, असा नातवानें नियम केला. पहिल्या दिवशीं तिनें ती लाजत वाजविली. आठवड्याभरांत नुसत्या गप्पांसाठींहि वाजूं लागली. दुसरा बदल असा, कीं मुलानें व बंधूनें पाळीपाळीनें रात्रींचें जेवण करण्याचें पत्करलें. पहिल्या आमटीला मीठ नव्हतें. ती सर्वांनीं मुकाट्यानें खाल्ली.

आहाराविषयीं दोन शब्द. हाड व जखम भरून येण्यास प्रथिनें लागतात. आमच्या शाकाहारी घरांत मुगाचें घट्ट वरण, मटकीची उसळ, दूध, दहीं व पनीर यांवर भर दिला. मार्गशीर्षांतील उपवास तिनें डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडले. मातोश्रींनीं ते आपल्या नांवें धरण्याचा हट्ट केला, तो आम्हीं मोडून काढला. वेदनाशामक औषधांनीं मलावरोध होतो. भरपूर पाणी व फळें घ्यावींत. ताप, जखमेंतून पू, वाढती लाली, पोटरी अचानक सुजून दुखणें, छातींत दुखणें अथवा धाप लागणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

टांके निघाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें अंगठा हातानें वरखालीं हलविण्याचा व्यायाम सुरू झाला. सांधा आंखडूं नये म्हणून तो आवश्यक असतो. दुखतो म्हणून टाळल्यास अंगठा सरळ होतो, पण ताठ राहतो. १५ जानेवारीच्या संक्रांतीस साडेसहा आठवडे झाले होते. त्याच्या चार दिवस आधीं काढलेल्या चित्रांत हाड सांधत आल्याचें दिसलें आणि रुंद, मऊ जोडे घालण्याची परवानगी मिळाली. आमच्याकडे पहाटे अंथरुणावरून पाय खालीं ठेवण्यापूर्वीं भूमातेची क्षमा मागण्याची चाल आहे. संक्रांतीच्या पहाटे तिनें हात जोडले आणि दोन्ही तळवे भुईवर सपाट टेकविले. त्या दिवशींचें हळदीकुंकूं तिनें खुर्चीवर बसून केलें. तिळगूळ वांटण्यास सुना व नातवंडें होतीं.

पुढची सुधारणा सावकाश झाली. संध्याकाळीं सूज येई. ती पूर्ण ओसरण्यास कांहींना वर्षहि लागतें. तीन महिन्यांनीं ती गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेली. डाव्या अंगठ्याजवळ थोडी बधिरता अजून आहे, आणि अंगठा पूर्वींइतका वांकत नाहीं. कांहीं रुग्णांत हें व्यंग पुन्हां उद्भवतें, हेंहि डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. पण ज्या वेदनेनें रात्रींची झोंप मोडत असे, ती गेली. चप्पल तिनें पुन्हां कातरली नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, त्यांनीं डॉक्टर व रुग्णालय यांची चौकशी तर करावीच. त्याबरोबर स्वतःच्या घराचीहि करावी. सहा आठवडे चहा कोण करील, रात्रीं कोण उठेल, हें आधीं ठरवावें, आणि ज्याचे पाय उशीवर जाणार आहेत त्यानें हांक मारावी यासाठीं त्याला आपण होऊन मोकळीक द्यावी. आमच्या घरीं पहाटेचा चहा आतां मींच करतों. ती उठून येते, ओट्यापाशीं ठेवलेल्या उंच स्टुलावर बसते, आणि साखर कमी पडली तर तसें स्पष्ट सांगते.